पाठीला पाठ

त्या पठारावर रानकुत्रे फार होते, तरी पिल्ले मोठी होत होती. कारण तिथे रिंगण होते. कुत्र्यांची शीळ आली की रानम्हशी, सांबरे, रानडुकरे आणि एकुलता एक हत्ती, सगळे पिल्लांना मध्ये घालून गोल उभे राहत. तोंडे बाहेर, पाठी आत. तिथल्या बोलीत ‘पाठ फिरवली’ म्हणजे शब्द पाळला. रिंगणात वळून पाहायचे नाही, एवढाच रिवाज.

भिंगरी या रानम्हशीचे पहिले रेडकू रिंगणापासून लांब, नदीकाठी कुत्र्यांच्या तोंडी गेले होते. या दुसऱ्यात तिचा सारा जीव होता.

एकदा पाणवठ्यावर हत्ती कुरकुरला. “दर वेळी माझेच सुळे पुढे. तुमच्या काटक्यांना कोण भितो? यापुढे जमलं तर येईन.”

एकटा हिंडत होता तेव्हा कुत्र्यांनी फोडलेल्या मागच्या टाचा तो विसरला होता. त्याला आठवण कोण करून देणार? मोठ्यांपुढे सगळ्यांचीच दातखीळ बसते.

भिंगरीला मात्र घास उतरेना.

“येईल ना गं तो?” शेजारच्या सांबरिणीने विचारले.

“येईल की.”

“डुकरांचंही काही खरं नाही म्हणा.”

“आणि तुझं?” भिंगरीने विचारले. सांबरीण नुसतीच चरत राहिली.

मग एका धुकट सकाळी शीळ आली. सगळे धावले. हत्तीही आला, धुसफुसत का होईना, पण आला. रिंगण जुळले. भिंगरी शिंगे रोखून उभी राहिली, पण तिचे कान मागे लागले होते. हत्तीचा आवाज येईना. गेला की काय? एकदाच बघू, म्हणून ती वळली.

ही कुठे निघाली, म्हणून सांबरीण वळली. तिला पाहून डुकरे वळली. सगळे आपल्याकडेच बघताहेत हे जाणवून हत्तीही रागाने वळला.

“आहेस ना?” भिंगरीने विचारले.

“आहे की. तू?”

“मीही आहे.”

तिचा जीव भांड्यात पडला. कोणीच जागा सोडली नव्हती.

मध्ये उभ्या रेडकाने आजवर रिंगणात फक्त शेपट्या पाहिल्या होत्या. आज चहूकडून तोंडे दिसत होती, त्यांत आईचेही. ते हरखून तिच्याकडे उड्या मारत निघाले. बाहेरची शीळ थांबली होती.

आईच्या पायांमधून त्याला आणखी काही तोंडे दिसली. तीही त्याच्याकडेच पाहत होती.