खांद्यावरचा हात

चित्रकार मृण्मयी उकिडवे घराघरांतले जुने कापलेले फोटो कॅनव्हासवर रंगवायची. पुरुषावर जीव जडलेला काका, बाईसोबत संसार थाटलेली आत्या, अशांना घरच्यांनी कात्रीनं काढून टाकलेलं असे. उरे तो शेजारच्याच्या खांद्यावरचा त्यांचा हात.

तिच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनालाच कलादालनाचे अध्यक्ष दादासाहेब गरजले, "उतरवा ही चित्रं! असली माणसं आपल्याकडे कधी नव्हतीच!"



मृण्मयी म्हणाली, "उतरवते, दादासाहेब. फक्त एवढं सांगा, नव्हतीच, तर कापलं कुणाला?"

हशा पिकला. दादासाहेब मात्र एका चित्रापुढे थबकले.

"राहू देत चित्रं," ते पुटपुटले. "आमच्याही फोटोत असा हात आहे. धाकट्या काकांचा. त्यांचा चेहरा रंगवून देशील?"

"कापलेला तुकडा आहे ना?"

"आईनं चुलीत घातला. चेहरा आता कुणालाच आठवत नाही."