इंजिन नसलेल्या गाडीचा सायलेन्सर

घाटाच्या पायथ्याशी एक बाजाराचं गाव होतं आणि त्या गावात मालवाहू टेम्पो बनवणारे एक शेठ होते. नाव रंगनाथशेठ पांचाळ. पंचक्रोशीतला कांदा त्यांच्या टेम्पोतून हलायचा आणि लग्नाचं वऱ्हाडही त्यांच्याच टेम्पोतून हलायचं. शेठ मनाने दिलदार होते, कामाला चोख होते. फक्त एका बाबतीत त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसायचा. ती बाब म्हणजे आबांचा सांगाडा.

आबा म्हणजे शेठचे वडील. कारखाना त्यांनी काढला आणि टेम्पोखालचा लोखंडी सांगाडाही त्यांनीच आखला. तो इतका दणकट होता की टेम्पो भंगारात गेला तरी लोक सांगाडा घेऊन ओढ्यावर साकव करत. आबांच्या हातचा पहिला सांगाडा कारखान्याच्या दर्शनी भागात ठेवला होता आणि दर दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. नवी गाडी कसलीही असो, ती त्याच मापाच्या सांगाड्यावर बांधायची, असा घराचा नियम होता.

पुढे बॅटरीच्या गाड्या आल्या. बाजार समितीने धूर सोडणाऱ्या गाड्यांना आवारात बंदी केली आणि गिऱ्हाइकं बॅटरीचा टेम्पो मागू लागली. शेठ म्हणाले, "मागतात तर देऊ की." त्यांनी सांगाड्यावरून इंजिन उतरवलं आणि त्या जागी बॅटरी बसवली. बाकी सगळं होतं तसं ठेवलं. रेडिएटर ठेवला, तेलाची टाकी ठेवली, सायलेन्सरही ठेवला. कारखान्यातले सर्वांत जुने मिस्त्री दौलतराव म्हणाले, "सायलेन्सरशिवाय टेम्पो म्हणजे बिनशेपटाचा बैल." शेठना ते अगदी पटलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे इंजिन गेलं तरी सायलेन्सर गेला नव्हता, उलट त्याला रोज पॉलिश होत होतं.

गाडी दिसायला झकास होती, पण तिचा हिशेब काही बसेना. तेलाच्या गाडीचं बहुतेक सगळं कारखान्यात घडायचं. बॅटरी मात्र बाहेरून आणावी लागे आणि ती भलतीच महाग. सांगाडा जड, म्हणून बॅटरी मोठी. बॅटरी मोठी, म्हणून तीही जड. मग ती पेलायला सांगाड्याला आणखी लोखंडी पट्ट्या. पट्ट्यांचं वजन वाढलं, की बॅटरी पुन्हा थोडी मोठी. शिवाय तेलाच्या गाडीला फिल्टर लागत, प्लग लागत, पट्टे लागत, आणि त्या सुट्या भागांवर कारखान्याचा मीठमिरचीचा खर्च सुटत असे. बॅटरीची गाडी एकदा गेली की वर्षभर काही मागायला येत नसे.

पूर्ण किंमत सांगितली तर गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जाई. किंमत उतरवली तर प्रत्येक गाडीमागे शेठनाच पदरमोड करावी लागे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. दोन वर्षं तोटा सोसल्यावर शेठनी जाहीर करून टाकलं, "या पाडव्यालाही तोटाच निघाला तर कारखाना बंद. शेड मंडपवाल्याला मंगल कार्यालयासाठी देणार." कारखान्यावर चाळीस घरांची चूल पेटत होती. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणी कुणाची थट्टा केली नाही.

अशात एके दिवशी पुतळाबाई तक्रार घेऊन आल्या. त्या घाटावरच्या बाजारात कलिंगडं विकत. म्हणाल्या, "शेट, तुमची गाडी चढावर बसती."

"आबांच्या सांगाड्यावरची गाडी बसेलच कशी?" शेठना राग आला. "चला, मी येतो." आणि ते कडक इस्त्रीच्या कपड्यांत पुतळाबाईंच्या शेजारी जाऊन बसले.

सपाटीवर गाडी छान पळाली. शेठनी मिशीवरून हात फिरवला. खिंडीचा चढ लागला तशी ती कुंथू लागली आणि अर्ध्या चढावर तिने खरोखरच बैठक मारली. कलिंगडं उतरवावी लागली. त्यातली काही उताराला लागली आणि धावत सुटली. त्यांच्यामागे शेठ धावले. कपड्यांची इस्त्री तिथेच संपली. मग रिकामी गाडी दोघं ढकलू लागले, तरी ती जेमतेम हले. शेठना घाम फुटला, मिशी लोंबली.

वर पोचल्यावर पुतळाबाई धापा टाकत म्हणाल्या, "शेट, एक सांगा. मी कलिंगडं वाहायची का तुमचं लोखंड?"

 शेठ दम खायला गाडीमागे वाकले, तर समोर पॉलिश केलेला सायलेन्सर चकचकत होता. त्यात त्यांना स्वतःचा घामेजलेला चेहरा दिसला आणि हसू फुटलं. ते पोट धरून इतके हसले की पुतळाबाईंना वाटलं, शेठना ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी स्वतः पाना हातात घेतला. कारखान्यातल्या एका गाडीचा सायलेन्सर काढला, टाकी काढली, रेडिएटर काढला. कुणाला वाईट वाटलं नाही. मग ते खालच्या सांगाड्यापाशी आले आणि त्यांचा हात थांबला. 

"शेठ, त्याला हात लावू नका," सांगाड्याशी बसलेले दौलतराव म्हणाले. "आबांचं माप आहे ते."

शेठ त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. "दौलतराव, आबांनी हा एवढा जाड का केला होता?"

"इंजिन पेलायला. ते असं थरथरायचं की बारीक लोखंड तडकून जायचं."

"आणि आता थरथरतंय काय?"

दौलतरावांनी सांगाड्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "आबांनी कारखाना काढला, तेव्हा तुमच्या आजोबांची बैलगाडी मोडून तिच्या फळ्यांचं दार केलं होतं. आजोबा महिनाभर बोलले नव्हते त्यांच्याशी." डोळे पुसून ते उठले आणि गॅसकटर स्वतःच घेऊन आले.

दर्शनी भागातला पहिला सांगाडा पूजेसाठी तसाच ठेवला. नव्या गाडीसाठी नवा, हलका सांगाडा आखला. गाडी हलकी झाली, मग बॅटरीही लहान पुरली. शेठ गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन विचारू लागले, "रोज कुठवर जाता? काय नेता?" बहुतेकांना बाजार गाठून घरी यायचं होतं, काशीला कुणालाच जायचं नव्हतं. तेवढ्याच बेताची बॅटरी त्यांनी बसवली. किंमत खाली आली आणि गिऱ्हाईक चहा पिऊनही थांबू लागलं. पुतळाबाई तर कलिंगडं भरून खिंड चढल्या आणि वर जाऊन शेठच्या नावाने एक कलिंगड फोडून त्यांनी सगळ्यांना वाटलं. सुट्या भागांची जुनी कमाई मात्र परत आली नाही. शेठनी तिची वाट बघणंही सोडलं.

पाडवा आला. सकाळपासून सगळा कारखाना हातातली कामं टाकून शेठच्या खोलीकडे डोळे लावून बसला होता. शेठ बाहेर आले ते पेढ्यांचं ताट घेऊनच. कारखाना राहणार, हे कळायला बोलावं लागलं नाही. कुणीतरी ढोलकी आणली, कुणी पत्र्यावर ताल धरला. शेठ प्रत्येकाच्या हातावर एकेक पेढा ठेवत दौलतरावांपाशी आले.

दौलतरावांनी हळूच विचारलं, "शेठ, नफा किती झाला?"

"तुमच्या हातात आहे तेवढा," शेठ म्हणाले. "खाऊन टाका. पुढच्या वर्षी मोठा करू."

तात्पर्य: वाडवडिलांच्या कामाची पूजा जरूर करावी, पण त्यांच्या काळातलं ओझं आजच्या गाडीवर लादू नये; नवी वाट चढायची तर आधी काय उतरवायचं ते ठरवावं.