न टोचलेल्या सुया

ही कथा आमच्याइतकी बिनचूक कोणालाच येत नाही. नगराचं आणि राजाचं नाव तेवढं विसरलंय.

पाठदुखीने रोज कण्हणाऱ्या पिंगल नावाच्या म्हाताऱ्या भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ती सांगितली.

पूर्वी त्या कुठल्याशा नगरात तो कुठलासा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व अश्ववैद्याच्या कुळात जन्मला होता. घोड्याची पाठ सुजली की तो नेमक्या जागी बारीक सुया टोची आणि ठणका थांबे. राजाच्या पागेची एक रीत होती. खोगीर घालण्याआधी घोड्याच्या कण्यालगत अंगठा दाबायचा. घोडा शहारला तर त्याला सुट्टी, नाही शहारला तर खोगीर. माणसांना ही सवलत नव्हती.

एकदा बोधिसत्त्वाने एका घोडीला सुया टोचल्या आणि विसावा द्यायला सांगितलं. ठणका गेला, सूज तशीच होती. पण घोडी अंगठ्याखाली शहारली नाही, मग वैद्याचं कोण ऐकतो? तिला खोगीर घालून पळवलं. नदीच्या उतारावर ती बसली ती उठलीच नाही.

पुढे राजाचा लाडका घोडा पांडर याची पाठ सुजली, आणि सकाळी स्वारी निघायची होती. पांडर मान टाकून कण्हत होता. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार नंदिय म्हणाला, "वैद्यबुवा, सुया आणल्यात ना? की घरी गोधडीत अडकल्या?"

"आणल्यात. टोचणार नाही."

"मग काय त्याला गोष्ट सांगणार?"

"ठणका गेला तर सकाळी हा शहारणार नाही, नंदिया. त्या घोडीच्या वाटेने जाईल."

राजाने वैद्याला एक गाव देऊ केलं, मग हद्दपारीचा धाक घातला. बोधिसत्त्वाने सुया विहिरीत टाकल्या.

सकाळी अंगठा लागताच पांडर थरथरला. राजा दुसऱ्या घोड्यावर बसून गेला, आणि जाता जाता वैद्याला वेशीबाहेर घालवून गेला. आता टोचायला काही हरकत नव्हती, पण टोचणारा आत नव्हता. सूज उतरेपर्यंत, वारा फिरला की पांडरचं कण्हणं वेशीपर्यंत येई. वैद्य तिथेच बसून ते ऐकत राही.

कथा संपवून शास्ता म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे तुझ्या कण्हण्यावर चिडणारा हा कोपक. नंदिय म्हणजे तुझी पाठ चोळून देणारा सोमक. वैद्य मीच होतो, आणि पिंगला, पांडर तू होतास. त्या जन्मी माझी करुणा पूर्ण झाली."

पिंगलने पाठीवरचा हात न काढता विचारलं, "म्हणजे भन्ते, कण्हलो मी, आणि पूर्ण झाली ती तुमची करुणा?"