इश्तुनचा घोट

ग्वाटेमालाच्या रानात एका जुन्या माया नगराचे अवशेष आहेत. देवळं बघून झाली की तिथले वाटाडे इग्नासिओ आजोबा पाहुण्यांना कोरड्या तळ्याच्या काठावर, मातीच्या एका बुटक्या उंचवट्यापाशी नेतात. पाहुणे नाकं मुरडतात. आजोबांना त्याचा भारी राग. ते सांगतात की खणणाऱ्यांना इथल्या मोठ्या घरांच्या जमिनीखाली पिढ्यान्‌पिढ्यांचे पूर्वज पुरलेले सापडले. हा उंचवटाही एक घरच, पण त्याखाली एकटी म्हातारी निघाली.

म्हणे, ज्याच्या घराखाली पूर्वज निजलेला, तोच त्या काळी नगरातला. त्यालाच तळ्यात वाटा. बाकीचे उपरे. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात, पण इथं गाळ उपसायला उपरे आणि घागरी भरायला थोरामोठ्यांची घरं!

इश्मुत अशीच उपरी. लढाईत तिचं गाव जळालं, नवरा गेला. म्हातारी आई इश्तुन आणि तान्ही लेक यांना घेऊन ती इथं आली. गाळ उपसल्याबद्दल तिला भोपळ्याचा एक तुंबा पाणी मिळे. पाऊस पाठ फिरवून बसला आणि तुंबा अर्ध्यावर आला. लेकीचे ओठ फुटले, रडताना तिला आसवंही येईनात. इश्मुतनं तळ्याच्या मुखियाचे पाय धरले.

"तुझा पूर्वज दाखव, घागर घेऊन जा," तो म्हणाला.

"आमचे पूर्वज जळक्या गावात राहिले, दादा."

"मग पाणीही तिथंच माग."

हे तिनं घरी येऊन आईला सांगितलं. सांगायला नको होतं. 

त्यानंतर इश्तुन रोज तुंब्यातला आपला घोट घेई.

"प्यालीस ना गं आई?"

म्हातारी मान डोलवी. इश्मुतची पाठ वळली की तोंडात धरलेला तो घोट नातीच्या तोंडात सोडी. आई उन्हानं, वयानं सुकत चाललीय असंच इश्मुतला वाटलं. एकदा गाळ उपसून ती लवकर परतली आणि तिनं ते डोळ्यांनी पाहिलं. पण तोवर म्हातारीची जीभ लाकूड झाली होती.

"मला बाहेर नेऊ नकोस," ती कशीबशी म्हणाली. "इथंच पूर, चुलीपाशी. मग आपण इथले."

"आई गं, मला नको तळं! तू पी!" इश्मुतनं तुंबा तिच्या तोंडाला लावला. पाणी ओठांवरून ओघळून गेलं.

तिनं चुलीजवळची जमीन स्वतःच्या हातांनी उकरली. मुखिया आला, चोपलेली ताजी माती त्यानं पाहिली. त्याचाच नियम होता. त्यानं घागर भरून दिली आणि लेक जगली.

आजही आसपासच्या गावांत पहिलं पाणी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला देतात, असं सांगतात. ती पिते आणि मग आ करून आपलं रिकामं तोंड लेकीला दाखवते. त्याआधी कुणी पाण्याला हात लावत नाही.