नळीचे थेंब

गाड्या बोलायच्या आणि माणसं तेव्हाही ऐकायची नाहीत, त्या काळची गोष्ट. उद्धवरावांच्या गाडीत एक नळी इंजिनाला लेकरासारखं तेल पाजायची. एकदा ती तडकली. अंगणात थेंब पडू लागले.

"सांडतेस काय गं, माय?" इंजिन घाबरलं.

"मालकाला कळावं म्हणून, बाळा."

खंडेनवमीला उद्धवरावांनी बॉनेटला हार घातला, हळदकुंकू वाहिलं. फरशीवर तेलाचा डाग दिसला, तसं खाली पोतं अंथरलं. बॉनेट काही उघडलं नाही.

पुढे घाटात नळी फुटली.

"माय, तेल दे गं!"

"कुठून देऊ, सोन्या? सगळं रस्त्यावर गेलं रे."

इंजिन कायमचं गप्प झालं. उद्धवराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "एकाएकी बंद पडली हो, काही कळलंच नाही." नळी ऐकत होती. सांगायला तिच्यात थेंबही उरला नव्हता.