कारखान्यातून आली तशी

एका मागांच्या गावात मल्लिनाथ शेटे नावाचे सुताचे व्यापारी राहत. घर चाले सुताच्या पेढीवर, पण जीव सगळा जुन्या वाद्यांवर. वाद्यं म्हणजे सतार-तंबोरा नव्हे. ऑर्केस्ट्रावाले एके काळी वाजवत ते विजेवरचे सिंथेसायझर, आणि ढोलकीपासून ताशापर्यंत सगळे आवाज एका डब्यातून काढणारी ड्रम मशीनं. कुणाला बैलांची हौस असते, कुणाला अत्तरांची. शेटना ही होती, आणि हौसेला मोल नसतं.

कुठे जुना ऑर्केस्ट्रा मोडला, कुठे एखादा वादक थकला, की शेटना सुगावा लागलाच म्हणून समजा. पेढी मुनिमावर टाकून ते निघत आणि मशीन घेऊनच परतत. माडीवर त्यांनी काचेची कपाटं करून घेतली होती. आत एकेक यंत्र मखमलीवर ठेवलेलं, शेजारी चिठ्ठी: कोणत्या सालचं, कितव्या नंबरचं, कुठून आणलं. वाजवता मात्र त्यांना एकही येत नव्हतं.

एकदा त्यांच्या पत्नी महानंदाबाई म्हणाल्या, "अहो, एवढी आणलीत, एखादं वाजवा तरी."

"वाजवली की झिजतात," शेट म्हणाले.

"मग मुकीच राहू देत बिचारी," म्हणून बाई खाली निघून गेल्या.

शेटचा एक दंडक होता. आणलेलं यंत्र कपाटात जाण्याआधी कारखान्यातून निघालं तसं झालं पाहिजे. जुन्या यंत्रावर वादकाच्या खुणा असतातच. कुणी बटणावर नेलपॉलिशचा ठिपका दिलेला असतो, कुणी चिकटपट्टीवर गाण्याचं नाव लिहिलेलं असतं, कुणी मागच्या बाजूला खिळ्यानं स्वतःचं नाव कोरलेलं असतं. शेट ते सारं घासून काढत. बाहेरचं असं निघे. आतलं काढायला रेडिओ दुरुस्त करणारा पतंगे होता. या यंत्रांच्या पोटात एक छोटी बॅटरी असते. वादकानं आत भरून ठेवलेले सूर आणि ठेके तिच्या जोरावर वर्षानुवर्षं टिकतात. पतंगे जुनी बॅटरी काढून नवी बसवी आणि शेटच्या सांगण्यावरून आतलं सगळं पुसून टाकी. मग यंत्रात उरत ते फक्त कारखान्यानं भरलेले ठेके.

त्याच गावाच्या खालच्या अंगाला दस्तगीर मास्तर राहत. पंचवीस वर्षं त्यांनी ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवला होता. आता हात थरथरत, घरावरचे पत्रे गळत, आणि हुबळीची लेक 'अब्बा, माझ्याकडे राहायला या' म्हणून मागे लागली होती. मास्तरांपाशी एक ड्रम मशीन होतं. शेट सात वर्षं त्यावर डोळा ठेवून होते. मास्तर गाव सोडणार असं कानावर आलं आणि शेट दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दारात हजर झाले.

मास्तरांनी मशीन मांडीवर घेतलं आणि त्याची हकिगत सांगायला सुरुवात केली. हे मशीन ऑर्केस्ट्रात आलं तेव्हा मालकानं ढोलकीवाल्या सिद्रामला घरी बसवलं. डबा जेवायला मागत नाही, मग माणूस कशाला पोसायचा, असा त्याचा हिशेब. मशीन चालवायचं काम आलं मास्तरांकडे. आपल्या जिवलग दोस्ताच्या पोटावर आपल्या हातून पाय येतोय, हे काही मास्तरांना सोसेना. त्यांनी सिद्रामला घरी बोलावून मशीनपुढे बसवलं. त्यावर बोटं टेकतील एवढे रबरी चौकोन होते. त्यांवर जे वाजवावं, ते मशीन जसंच्या तसं आत साठवी. मास्तर म्हणाले, "वाजीव ह्यात. डबा वाजला तरी हात तुझाच वाजू दे." दोन महिने रोज दुपारी सिद्राम वाजवत होता. त्यानं एकतीस ठेके भरले. पुढे ऑर्केस्ट्रा चालला तोवर गावोगाव त्याचाच हात वाजला, आणि मास्तर आपल्या बिदागीतला अर्धा वाटा त्याच्या घरी पोचवत राहिले. सिद्राम जाऊन नऊ वर्षं झाली होती. दर वर्षी त्याच्या तिथीला त्याची बायको सुंद्राबाई मास्तरांकडे येई. दोघं मशीन लावून बसत आणि एकतीसच्या एकतीस ठेके ऐकून उठत.

शेट हं-हं करत होते. त्यांचं लक्ष होतं मशीनच्या बुडाशी. नंबर शाबूत होता, आणि स्क्रू आठच्या आठ मूळचे होते. त्यांना आनंदानं घाम फुटला.

"पाणी गळतंय बगा, शेटजी," मास्तर म्हणाले. "लेकीकडं बी जागा न्हाई. माझ्यापाशी ह्ये नासंल. तुमच्याकडं कपाट हाय, तुमी जपशीला. फकस्त तिथीला आमी दोघं यिऊ. घटकाभर ऐकवा, म्हंजे झालं."

"या की. घर तुमचंच आहे."

"आन् न्ह्यायच्या आदी एकडाव चालू करून ऐका तरी."

"ऐकू हो सावकाश," असं म्हणत शेटनी मशीन पिशवीत घातलंसुद्धा. मास्तरांनी मागितली तेवढी किंमत त्यांनी एका शब्दात दिली. घासाघीस करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, तेवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

मशीन पतंगेच्या टेबलावर गेलं. त्यानं ते उघडलं, पाहिलं आणि शेटना म्हणाला, "शेट, ह्याची बॅटरी अजून धडधाकट आहे. आत पण बरंच काही भरलंय. पुसायच्या आधी एकदा ऐकता का?"

"कुणाचं तरी उष्टं ते. काढून टाक. मशीन कारखान्यातून आली तशी करून दे."

तिथीची गोष्ट शेटच्या मनात आलीच नाही असं नाही. आली होती. पण ठेके तर कुठल्याही मशीनमध्ये असतातच, त्यातलेच चार ऐकवू, असं म्हणून त्यांनी ती झटकली. पतंगेनं दोन बटणं एकदम दाबून धरली. चहाचा घोट गिळायला लागतो तेवढा वेळ लागला, आणि आतलं सगळं गेलं.

त्या वर्षी पुण्यात जुन्या यंत्रांच्या शौकिनांचा मेळावा भरला. शेट ते मशीन घेऊन गेले. लोक वाकून वाकून पाहत होते. एक ओरखडा नाही, एक डाग नाही! शेटना मानपत्र मिळालं. ते त्यांनी माडीवर, मशीनच्या बरोब्बर वर लावलं.

पौषात सिद्रामची तिथी आली. दस्तगीर मास्तर हुबळीहून एसटीनं आले आणि सुंद्राबाईंना घेऊन शेटच्या दारात उभे राहिले. बाईंनी धुवट लुगडं नेसलं होतं. माडीवर जाऊन शेटनी मशीन कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. सुंद्राबाईंनी कमरेची चंची सोडली, विडा लावला आणि मशीनपुढे ठेवून हात जोडले. शेट जरा चपापले. आपण चार ठेके वाजवून दोघांना चहा पाजू आणि वाटेला लावू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण विड्याचं पान पुढ्यात आलं आणि कुठले चार ठेके वाजवावेत ते त्यांना कळेना.

मास्तरांनी थरथरत्या बोटानं पहिला ठेका लावला. टक्-टुक्, टक्-टुक्, असं काहीतरी विलायती वाजलं. मास्तर हसले. "बटण चुकलं वाटतं." त्यांनी दुसरा लावला. मग तिसरा. एकेक करत एकतीसही लावून पाहिले. सुंद्राबाई दर वेळी मान वर करत आणि पुन्हा खाली घालत.

मास्तरांनी त्या दिवशी मांडी घालून सांगितलेली सगळी हकिगत आता त्यांना शब्दन् शब्द आठवत होती. तेव्हा ऐकली नाही असं त्यांना वाटलं होतं, पण कानांनी ती ठेवून घेतली होती. खरं सांगावं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि सबब तर तयारच होती. अशी सबब की जगातला कुठलाही जाणकार मान डोलावेल.

"बॅटरी गेली असणार, मास्तर," शेट म्हणाले. "जुनी मशीनं ही. बॅटरी संपली की आतलं जातं."

झालं. शेटना वाटलं, सुटलो.

दस्तगीर मास्तरांनी दोन्ही हातांनी आपले कान धरले. "तोबा, तोबा! सुंद्रा, माजी चूक हाय ही. दोन वरसं झाली, बॅटरी बदलायची बदलायची म्हनत हुतो. हात कापतोय म्हनून ऱ्हायलं. मीच घालीवला गं तुज्या मालकाचा हात. दोस्तानं माज्या हवाली केलावता, आन् मी घालीवला." सत्तरी ओलांडलेला तो माणूस लहान मुलासारखा रडू लागला.

सुंद्राबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "गप ऱ्हावा, भाऊ. तुमी का मुद्दाम केलासा?"

सबब सांगितली की पाप हवेत विरून जातं, असा शेटचा समज होता. ते विरलं नव्हतं. समोर बसलेल्या निरपराध म्हाताऱ्यानं ते उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. शेट व्यापारी होते, हौशी होते, पण दुष्ट नव्हते. ते पाहणं त्यांना असह्य झालं.

"थांबा, मास्तर," ते म्हणाले. "बॅटरी धडधाकट होती. पतंगेनं सांगितलं होतं. मीच पुसायला लावलं."

मास्तरांना आधी कळलंच नाही. "का म्हनून?"

"मला ही मशीन… कारखान्यातून आली तशी पाहिजे होती."

सुंद्राबाईंनी त्या लखलखीत मशीनकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"कारखान्यातनं आली, तवाच तर हिनं माज्या मालकाला घरी बसीवलं हुतं, शेट."

शेटची मान खाली गेली. त्यांनी मशीन उचलून बाईंपुढे धरलं. "हे घेऊन जा. पैसे नकोत, काही नको."

"आता नुस्ता डबा घिऊन काय करू?"

मास्तर डोळे पुसून सरसावले. सिद्रामच्या शेजारी त्यांची उमर गेली होती. ठेके त्यांना पाठ होते. त्यांनी रबरी चौकोनांवर बोटं ठेवली आणि लग्नाच्या वरातीतला ठेका भरून पाहिला. मशीननं तो परत वाजवला. सुंद्राबाईंनी कान दिला.

"बरुबर हाय, भाऊ. पन त्येंचा डावा हात वाईच मागनं पडायचा."

मास्तरांनी पुन्हा भरला. डावा हात मागून पाडला.

"एवढा मागनं न्हाई."

तिसऱ्यांदा भरला. या वेळी ठेका अगदी जमला होता, शेटनाही तसं वाटलं. सुंद्राबाईंनी डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला. मग त्या उठल्या. "ऱ्हाऊ द्या आता. लई चांगला वाजिवलासा. पन ह्यो तुमचा हात हाय."

जिन्याशी मास्तर थांबले. शेटना वाटलं, आता शिव्या बसणार, आणि बसाव्यात. मास्तर म्हणाले, "खरं बोलला, शेटजी. न्हाईतर ह्ये मी उरावर घिऊनच मेलो असतो." आणि सुंद्राबाईंच्या मागोमाग ते एकेक पायरी उतरत गेले.

शेट तसेच पतंगेच्या दुकानी गेले. पतंगे कुणाच्या तरी रेडिओच्या तारा डागत होता.

"पतंगे, आजवर मी तुझ्याकडे आणली त्यातल्या किती मशीनांत काही भरलेलं होतं?"

"मोजली नाहीत, शेट. बहुतेक सगळ्यांतच असायचं."

"काय होतं त्यांत?"

पतंगेनं डागणी बाजूला ठेवली. "मला काय ठाऊक? तुम्ही ऐकू कुठं दिलंत?"

शेट घरी आले आणि माडीवर जाऊन बसले. कपाटांत सत्तेचाळीस यंत्रं होती. कुणी तरुणपणी उसनवारी करून घेतलेली, कुणी घरच्यांशी भांडून, कुणी रात्र-रात्र बसून आपल्या हातानं भरलेली. ज्यांच्याकडून आणली त्यांची नावं चिठ्ठ्यांवर होती, आणि निम्म्याहून अधिक माणसं आता हयात नव्हती. एकालाही शेटनी विचारलं नव्हतं, की यात तुम्ही काय वाजवलंत? सगळी यंत्रं काचेआड लखलखत होती, आणि आत कुणीच उरलं नव्हतं.

तात्पर्य: जुनं जपायला निघालेल्यानं आधी त्यात माणूस कुठे आहे ते पाहावं, जो त्यालाच डाग समजून पुसतो, त्याच्या हाती नुसता डबा राहतो. आणि आपली चूक सबबीनं झाकू नये, ती कुणा भल्या माणसाच्या माथी जाऊन बसते.