दुलईच्या गोटाला जोड कुठे?

सूर्य उगवून बरोब्बर दोन घटका झाल्या होत्या. टेकाडगडचे हैबतराव महाराज पलंगावर ताडकन उठून बसले आणि ओरडले, "टोचलं! पुन्हा टोचलं!"

काय टोचलं? तर दुलईचा गोट! दुलईच्या चारी कडांना फिरवून शिवलेली पट्टी म्हणजे गोट. ती फिरत फिरत जिथून निघाली तिथंच परत येते, आणि दोन टोकं जोडली की तिथं हा एवढा उंचवटा होतो. तो नेमका महाराजांच्या हनुवटीला लागायचा. आठ रात्री डोळ्याला डोळा नाही!

महाराजांनी गोंदाजी शिंप्याला बोलावलं.

"गोट असा लाव, की जोडच नको!"

"महाराज, पट्टी म्हटली की तिला दोन टोकं आलीच. ती कुठंतरी भेटणारच की!"

"आम्हाला उलट बोलतोस? जोड लागणार नाही असा गोट होईपर्यंत बस कोठीत!"

आणि म्हाताऱ्याला कापसाच्या कोठीत कोंडलं. आधीच दमेकरी माणूस. कापूस उडाला की खोकून खोकून जीव घाबरा व्हायचा.

ही बातमी त्याच्या सुनेला, गोजराला कळली, तेव्हा तिच्या हातातला घास हातातच राहिला. मामंजी तिथं चार दिवस काढतील की नाही, याचाच तिला घोर लागला. घरी मागं कोणी नाही, म्हणून आठ महिन्यांच्या लेकाला कडेवर घेऊन ती तशीच गड चढली.

"महाराज, गोट मी लावते. तीन दिवस द्या."

"आणि आम्हाला जोड सापडला तर?"

"तर मलाही कोठीत टाका. फक्त झोळी बांधायला एक कडी तेवढी असू द्या, नाहीतर हे कार्टं गड डोक्यावर घेईल. पण नाही सापडला, तर मामंजींना सोडायचं!"

"कबूल!"

"थांबा, महाराज. दुलई काही कोणी डोळ्यांनी पांघरत नाही. जोड शोधायचा तो दुलई अंगावर घेऊन, डोळे मिटून, नुसत्या बोटांनी. आणि 'हाच' म्हणून एकदाच सांगायचं."

"अगं, मुठीतला मोती खरा की खोटा, ते न बघता सांगतो आम्ही!"

"म्हणून तर तीनच घटका देते. आणि जेवण झाल्यावर शोधा हं. महाराजांना उपाशीपोटी राबवलं, असा ठपका नको मला."

गोजरानं महाराजांची दुलई घेतली. तिचा जरीचा, कडक गोट उसवून बाजूला टाकला. सासूबाईंचं दहा वर्षं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं होतं, त्याच्या पट्ट्या काढल्या आणि कोठीच्या खिडकीखालीच शिवायला बसली. वरून खोकत खोकत मामंजींचा आवाज आला, "सूनबाई, टोकं सरळ कापू नकोस! तिरकी काप, म्हणजे जाडी एका जागी साचत नाही! आणि जोड कोपऱ्यात घेऊ नकोस, तिथं घडीची जाडी असतेच!"

"होय मामंजी! तुम्ही आधी नाकातोंडाला फडकं बांधा बघू!"

चौथ्या दिवशी महाराजांनी पुरणाच्या पाच पोळ्या हाणल्या, वर वाटीभर तूप, आणि ढेकर देत दुलई बघायला आले.

"हे काय? राजाच्या दुलईला जुनेर?"

"नवं कापड अजून माणसाळलेलं नसतं, महाराज. ते टोचणारच!"

महाराज आडवे झाले. दुलई ओढली, डोळे मिटले. प्रधानजींनी भोकाचं घटिकापात्र पाण्यावर सोडलं. ते तीनदा बुडलं की मुदत संपली.

महाराजांची बोटं गोटावरून सरकू लागली.

"हा! सापडला!"

"तो कोपरा आहे, महाराज. पट्टी दुमडलीय तिथं."

प्रधानजी पुढं झाले. "मग हे सांगणं धरायचं का?"

"छे! नुसतं म्हणून बघितलं!" महाराज डोळे न उघडता म्हणाले. "आता कोपरे मोजूनच जातो. एक... दोन... तीन... चार... पाच..."

"महाराज, दुलईला कोपरे चारच असतात," प्रधानजी म्हणाले.

"गप्प बसा! मोजणी चुकवलीत. पुन्हा पहिल्यापासून. एक... दोन..."

बोटं मऊ कापड चोळत चोळत पुढं चालली होती. हळूहळू.

"दोन... ती... न..."

घर्रर्र!

पात्र एकदा बुडलं, दोनदा बुडलं, तिसऱ्यांदाही बुडलं. झोपलेल्या राजाला उठवणार कोण? महाराज जागे झाले ते दिवेलागणीला.

"किती घटका झाल्या?"

"तीन कधीच झाल्या, महाराज," गोजरा म्हणाली. "पुढच्या मोजल्या नाहीत कोणी."

"पण जोड आहे की नाही?"

"आहे की! हा बघा, पायाकडच्या बाजूला." तिनं त्यांचं बोट धरून तिथं ठेवलं.

"आहे ना? मग हरलीस तू!"

"पैज जोड असण्यानसण्याची कुठं होती? सापडण्याची होती."

"अगं, आम्हाला झोप लागली म्हणून नाही सापडला!"

"तेच तर, महाराज! आठ रात्री ज्या जोडापायी झोप नव्हती, तो शोधता शोधताच तुम्ही घोरायला लागलात. मऊ काठ बोटांनी चोळत पडलं की माझा लेकही अशीच मान टाकतो. फक्त त्याला कोपरे मोजता येत नाहीत."

प्रधानजी जमिनीकडे बघू लागले. आणि महाराज असे हसले, असे हसले, की समईच्या ज्योती हलल्या!

"हळू, महाराज! आत्ताच डोळा लागलाय त्याचा!" गोजरा कडेवरच्या लेकाला थोपटत म्हणाली.

महाराजांनी दुलईचा बोळा तोंडात कोंबला आणि पोट धरून हसत राहिले. मग कुजबुजत हुकूम सुटला, "गोंदाजीला या घडीला सोडा! आणि पोरीला एक दुभती म्हैस द्या. आजपासून गडावरचं सगळं अंथरूण-पांघरूण हीच शिवणार!"

जाता जाता महाराजांनी प्रधानजींना बजावलं, "आम्ही कोपरे मोजत झोपलो, हे गडाखाली जाता कामा नये!" प्रधानजींनी ते फक्त बायकोला सांगितलं. तिनं फक्त पाणवठ्यावर. आता तुमच्या कानावर आलंच आहे, तर तुम्हीही पुढं सांगा. आणि ज्या घरात तान्हं बाळ झोपायचं नाव घेत नाही, तिथं सगळ्यात आधी सांगा!